पहिला फटका भाईजानचा

औरंगाबादेत आमखास मैदानावर मी कित्येक वर्षं गोलमध्ये उभा राहिलो. गोलकीपरला अख्खं मैदान समोर दिसतं आणि बघायला वेळही भरपूर असतो, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात मी तरबेज झालो होतो. स्वभाव मुळातच तापट. समोरच्या संघाची मला कधी भीती वाटली नाही. माझ्या अंगावर येणारा बॉल मी बघून घेत होतो. आमचे फॉरवर्ड पुढे जाऊन जे करायचे, ते बघताना मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ते गोल करत नसत. बाकी सगळं करायचे. पळायचे झकास, पास तर इतके देखणे द्यायचे की मैदानाच्या कडेला शेंगा खात बसलेले म्हातारे माना डोलवायचे. आणि गोल समोर दिसायला लागला की सगळ्यांना एकदम काहीतरी व्हायचं. चाल मंदावायची, बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि शेवटी समोरच्या एखाद्या दांडगट बॅकच्या पायात. तो बॅक बॉल उचलून थेट माझ्याकडे धाडायचा.

माझे वडील पूर्वी गावात कुळकर्णपण करायचे, पोलीस ॲक्शननंतर शहरात येऊन कचेरीत लागले. फुटबॉल त्यांना पलटणीतल्या लोकांचा खेळ वाटायचा, पण मी मॅचहून आलो की चहाचा कप खाली ठेवून विचारायचे, आज किती? मी अभिमानानं सांगायचो, एकच खाल्ला. त्यावर ते म्हणायचे की खाल्ल्याचं नाही, केल्याचं विचारतोय. मग मी पाय धुवायला मोरीत निघून जायचो.

आमचे कप्तान आणि सेंटर फॉरवर्ड एकच होते. त्यांना सगळं शहागंज भाईजान म्हणायचं, म्हणून आम्हीही भाईजानच म्हणायचो. चाळिशी ओलांडलेले, सडपातळ, मिशी बारीक कातरलेली, सायकल दुरुस्तीचं दुकान. आमचा संघ म्हणजे त्यांनीच घातलेला घाट होता. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते अगदी कोवळे होते. ज्या टीममध्ये ते नुकते खेळायला लागले होते, ती टीम महिन्या-दोन महिन्यांत विखुरली. कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याच्याही पलीकडे. भाईजानकडे उरला एक बॉल. तो काखेत मारून हा माणूस गल्लोगल्ली फिरला आणि जो पळू शकतो त्याला घेऊन आला. औरंगपुऱ्यातले बामणाचे पोरगे, छावणीतले ख्रिस्ती, गुलमंडीतले दुकानदार, कुणीही. त्या दिवसांत लोक एकमेकांच्या दारासमोरून जाताना पाय उचलून चालत, आणि हे महाशय दारात उभे राहून विचारत होते, की घरात कुणी राइट हाफ आहे का. मी बऱ्याच पुढच्या काळात आलो, पण हे ऐकून होतो. आमच्या मनात भाईजानविषयी काय होतं, ते यावरून समजावं.

आणि तिथंच सगळी गोम होती. आमच्या संघात कुणी कधी ठरवलेलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं, पण गोलवर शेवटचा फटका भाईजानचा, हा रिवाज पडला होता. पूर्वी ते खोऱ्यानं गोल करायचे, तेव्हा यात काही खटकलं नाही. नंतर त्यांचा वेग गेला आणि रिवाज राहिला. लेफ्ट विंगवाला एकटा गोलसमोर उभा असायचा, पण मारायचा नाही. मागं वळून भाईजान कुठपर्यंत आले ते बघायचा. मोठ्या माणसाच्या आधी आपण कसं मारायचं? घरात मोठ्यांच्या आधी ताटाला हात न लावलेली माणसं होती ती, मुसलमानांची काय आणि आमची काय. भाईजान बिचारे धापा टाकत यायचे, तोवर समोरचे तिघं-चौघं बॅकही येऊन पोचलेले असायचे. मग भाईजान मारायचे, तो कुणाच्या तरी पोटरीवर लागायचा.

संघाला जर्सी, बॉल आणि बाहेरगावी जायला टेम्पो पुरवणारे एक शेठ होते. लाकडाची वखार होती त्यांची. हिवाळ्यातल्या आमखासच्या स्पर्धेत आम्ही लागोपाठ काही वर्षं पहिल्याच फेरीत घरी आलो, तेव्हा त्यांचा धीर सुटला. शहरात क्रिकेटचं वेड वाढत चाललं होतं, पानाच्या ठेल्यावर ट्रान्झिस्टरभोवती गर्दी असायची. शेठनी भाईजानना वखारीत बोलावून अदबीनंच सांगितलं, की या वर्षी पहिली फेरी जिंकली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून मी क्रिकेटची टीम काढतो. मी सोबत होतो. भाईजान फक्त मान हलवत राहिले. परत येताना सायकल हातात धरून चालत आले, बसले नाहीत. त्यांना बायको होती, मुलं होती, दुकान होतं. पण स्वतःच्या हातानं उभं केलेलं असं हे एकच होतं. ते मोडताना बघायची पाळी आता त्यांच्यावर येणार होती.

त्यावर उपाय म्हणून नवी पोरं आणायचं ठरलं. संघ हरायला लागला की लोकांना हा एकच उपाय सुचतो. मला त्यावर फारसा भरवसा नव्हता, पण पोरं शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण कॉलेजच्या होस्टेलसमोरच्या टपरीवर माझी उठबस होती.

पहिला मिळाला तो लासूर स्टेशनचा. बाप अडत्याकडे मापाडी, पोरगा कॉलेजात. रेल्वेच्या क्वार्टरमधल्या पोरांबरोबर मालधक्क्यामागं खेळून तयार झालेला. तिथली जागा एवढीशी, त्यामुळे पास द्यायला वाव नाही. बॉल आला की हाणायचा, एवढंच त्याला ठाऊक. दुसरा त्याच्याच खोलीत राहणारा, पिशोरचा. शेतकऱ्याच्या घरचा, उंच, काळासावळा, फुटबॉल कधी नीट पाहिलेलाही नव्हता. पण कॉलेजच्या शर्यतीत त्याच्यामागं धावणाऱ्यांना त्याची पाठसुद्धा दिसत नसे. मी त्याला विचारलं, फुटबॉल खेळशील का. तो म्हणाला, "व्हय." मग विचारलं, राइट विंगला खेळशील का. "व्हय." राइट विंग म्हणजे काय माहीत आहे का, विचारलं तेव्हा म्हणाला, "नाय. पर सांगाल तिथं पळतो."

पहिल्या सरावाला लासूरच्यानं कमाल केली. बॉल त्याच्याकडे आला आणि पंचवीस-तीस पावलांवरून त्यानं असा काही ठेवून दिला, की मी हात वर करेपर्यंत तो माझ्या मागं. मला इतका आनंद झाला की स्वतःवर गोल झाल्याचंही वाईट वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी आमच्यातल्या कुणीतरी गोलकडे बघून फटका मारला होता. मी टाळ्या वाजवल्या, पण बाकी मैदान गप्प. भाईजान त्याच्या डावीकडे मोकळे उभे होते, आणि पोरानं त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

सराव संपल्यावर आमच्या सेंटर हाफनं त्याला बाजूला घेतलं. हा सेंटर हाफ शाळामास्तर होता, बोलायला लागला की घंटा होईपर्यंत थांबत नसे. भाईजान कोण आहेत, त्यांनी काय काय केलं, मोठ्यांचा मान म्हणजे काय, सगळं सांगून झालं. लासूरचं पोरगं मुळात चांगल्या घरचं. ते खरोखर शरमलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं भाईजानच्या पायाला हात लावला, आणि त्यानंतर त्याचा पायच उचलेना. बॉल आला की आधी भाईजान कुठे आहेत ते शोधायचा. मला त्या मास्तरचा गळा धरावासा वाटत होता.

पिशोरच्याला तर काही शिकवावंच लागलं नाही. त्याच्या रक्तातच मान देणं होतं. तो वाऱ्यासारखा पळायचा, सगळ्यांना मागं टाकून कोपऱ्यापर्यंत जायचा, आणि तिथं बॉलवर पाय ठेवून भाईजान येण्याची वाट बघत उभा राहायचा. अक्षरशः उभा. कमरेवर हात ठेवून. मी इकडून घसा फोडून ओरडायचो, अरे काहीतरी कर. तो तिकडून हात वर करून मला शांत राहायला सांगायचा. भाईजान येतायत, त्यांना येऊ द्या, असा त्याचा अर्थ.

म्हणजे उपाय म्हणून आणलेली पोरं पंधरवड्यात आमच्यासारखीच झाली. आधी चौघं गोल करत नव्हते, आता सहा जण करत नव्हते. मॅच आठवड्यावर आलेली. एका संध्याकाळी टपरीवर मी या दोघांना समोर बसवलं आणि मनातलं सगळं ओकून टाकलं. म्हणालो, तुमच्या या मान-पानापायी भाईजानची टीम बुडणार आहे, आणि मग हाच मान घेऊन जा त्यांच्या दुकानात. लासूरचा खाली मान घालून बसला. म्हणाला की तुमचं पटतं, पण आता मनच होत नाही हो. त्यांच्या आधी मारलं तर कसंतरीच वाटतं.

पिशोरच्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "आमच्या घरी आजोबानं घास घेतल्याबिगर कुणी जेवत नाय. पंचवीस माणूस ताटावर बसलं तरी नाय. पर एकदा का त्यांनी पहिला घास घेतला, मंग कुणी कुणाकडं बघत नाय. लई भुका लागलेल्या असत्यात."

मी म्हणालो, बरं मग?

"मंग भाईजाननं पहिला फटका मारून टाकावा की. शिट्टी वाजली की लगीच. कुठं का जाईना. मंग आपुन मोकळे."

इतकी वर्षं मी रिवाज मोडायच्या मागं लागलो होतो. या पोरानं तो मोडायचा विचारच केला नाही, त्यानं फक्त तो लवकर उरकून घ्यायचं ठरवलं. लासूरचा तर उठून उभाच राहिला. मी तिथल्या तिथं मास्तरच्या घरी जाऊन त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, की यात बेअदबी काहीच नाही, आणि बाकीच्यांच्या कानावर घालायचं कामही त्यानंच उचललं.

आता भाईजानना सांगायचं कुणी? तर मीच. तुमच्यामुळे कुणाला मारता येत नाही, असं तर बोलता येत नव्हतं. मॅचच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो, ते एक ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. म्हणालो, उद्या शिट्टी वाजल्यावर लासूरचा तुमच्याकडे बॉल सरकवेल, तुम्ही तिथूनच गोलवर हाणा, शुभशकुन म्हणून. त्यांनी ट्यूबवरून नजर काढून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग "ठीक है" म्हणून परत बुडबुडे बघायला लागले.

मॅच जालन्याच्या संघाशी होती. त्यांचे बॅक असे धिप्पाड की जर्सी त्यांच्या अंगात मावत नव्हती. शेठ खुर्ची टाकून बसलेले. बरोबरी झाली तर नाणं उडवून निकाल लावायचे, आणि नाण्याच्या बाबतीत आमचं नशीब कसं होतं ते न बोललेलं बरं. शिट्टी वाजली. लासूरच्यानं बॉल हळूच पुढे ढकलला आणि भाईजाननी मैदानाच्या मधोमधून गोलवर फटका मारला. बॉल बाजूला इतका लांब गेला की शेंगावाल्याच्या गाडीवर जाऊन आदळला. सगळं मैदान हसलं. जालन्याचे बॅकही हसले. आम्ही अकरा जण मात्र गंभीर चेहऱ्यानं उभे होतो.

आणि मग सुटले सगळे. इतक्या वर्षांची भूक एकदम बाहेर पडली. लासूरच्यानं तीन-चार फटके मारले, लेफ्ट विंगवाल्यानं मारले, आणि ज्या मास्तरनं मान-पानावर प्रवचन दिलं होतं त्यानं तर जन्मात पहिल्यांदा गोलवर बॉल मारला. तो गोलच्या बराच वरून गेला, पण मास्तर हात वर करून असा काही नाचला की पंचांनी त्याला जागेवर जायला सांगितलं. ही साथ इतकी पसरली की माझ्या पुढचा बॅकसुद्धा फटका मारायला पुढे धावला. मी मागून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्याच्या मोकळ्या जागेतून जालन्याचा एकजण आला आणि आम्ही गोल खाल्ला. हाफटाइमला शेठ खुर्चीवरून उठून घड्याळ बघत होते.

नंतरच्या अर्ध्यात लासूरच्याचा एक फटका जमिनीलगत, खांबाच्या आतून गेला. मी लांबून फक्त जाळी हललेली पाहिली आणि गोल सोडून अर्ध्या मैदानापर्यंत पळत गेलो. भाईजाननी लासूरच्याला पोटाशी धरलं होतं आणि त्याच्या केसांतून हात फिरवत होते. मला तिथून हाकलून परत गोलमध्ये पाठवण्यात आलं.

एक-एक. शेवटची काही मिनिटं उरली असतील. लासूरच्यानं पुन्हा मारला, जालन्याच्या गोलकीपरनं झेप घेऊन अडवला, पण बॉल त्याच्या हातून निसटला आणि घरंगळत आला तो नेमका भाईजानच्या पायाशी. गोलकीपर जमिनीवर. समोर उघडा गोल, पाच-सात पावलांवर. शेठ खुर्चीवरून उठले, सगळे उठले. दोन-तीन सीझन या माणसानं गोल केला नव्हता, हे मैदानात प्रत्येकाला ठाऊक होतं. आज ज्याची टीम जगायची किंवा मरायची, त्याच्याच पायात बॉल. मी दुसऱ्या टोकावरून जीव तोडून ओरडलो, "मारा, भाईजान!"

त्यांनी मारला नाही. पायाच्या आतल्या बाजूनं बॉल हळूच उजवीकडे सरकवला. तिथून पिशोरचा पळत येत होता. बॉल त्याच्या पायात आला, गोल तसाच उघडा, आणि तो थांबला. त्यानं मान वळवून भाईजानकडे बघितलं. हा आता बॉल परत देणार. मुळातला स्वभाव शेवटी वर आलाच. जालन्याचा एक बॅक धावत त्याच्यावर आला, आणि तेवढ्यात भाईजाननी काय केलं, तर सरळ पिशोरच्याकडे पाठ फिरवली. गोलकडे पाठ, बॉलकडे पाठ, दोन्ही हात मागं बांधलेले. आता द्यायचा कुणाला? पिशोरच्यानं मारला. दोन-एक.

नंतर जे झालं ते सगळं आठवत नाही. शेठनी मास्तरला मिठी मारली एवढं आठवतं, आणि पिशोरचा जो भेटेल त्याला विचारत होता की मी बरोबर मारला ना. मी मात्र भाईजानना शोधत होतो, कारण माझं डोकं अजून तापलेलंच होतं. ते कॉर्नरच्या झेंड्याजवळ एकटेच मातीत बसले होते, एक पाय लांब करून. मी जाऊन भांडायलाच लागलो. म्हणालो, समोर उघडा गोल होता. ते पोरगं चुकलं असतं तर? टीम गेली असती. तुमच्यासारख्या माणसानं तिथं पास द्यायचा?

ते आधी हसले. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "ये कब का गया. उरलासुरला जोर त्या पहिल्या फटक्यात संपला, तिथून मारला असता तर गोलपर्यंत पोचलाच नसता." मी त्या गुडघ्याकडे बघितलं. सुजून वांग्याएवढा झालेला. रोज आमच्यासमोर होता आणि आम्ही कुणी कधी बघितला नव्हता. ते सांगत होते, की दोन-तीन सालांपासून प्रत्येक मॅचला वाटायचं, आज कुणीतरी मला न विचारता मारेल. मी नसलो तरी टीम चालते, एवढं एकदा दिसलं की निवांत घरी बसेन. पण ते दिसतच नव्हतं, आणि ते दिसल्याशिवाय सोडून जायला जीव होत नव्हता.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बॉल घेत कशाला राहिलात? एकदा सांगायचं होतं, की मला देऊ नका.

भाईजाननी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उठून उभे राहिले. म्हणाले, "इत्ते प्यार से देते थे तुम लोगां. नक्को कैसा बोलता मैं?"